हिचकॉकच्या सावलीतली नावं

रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्या दूरचित्रवाणी मालिकेची सुरुवात एकदा पाहिली की विसरता येत नाही. कोऱ्या पडद्यावर मोजक्या रेषांचं रेखाचित्र, फ्रेंच संगीतकार गूनोची ती ठुमकत चालणारी धून, आणि बाजूने येऊन त्या रेषांत नेमकी बसणारी एका स्थूल माणसाची सावली. मग तो स्वतः समोर येतो, सावकाश ‘गुड ईव्हनिंग’ म्हणतो आणि गोष्ट सुरू होते. श्रेयनामावलीत काही नावं येतात नि जातात. त्यांतलं एक नाव मूळ कथा लिहिणाऱ्याचं असतं. गेली काही वर्षं मी तिथे चित्र थांबवते, ते नाव वहीत उतरवते आणि त्या माणसाची कथा शोधून वाचते. कथा वाचून झाली की तोच भाग पुन्हा पाहते. या उद्योगाने मला इतकं दिलं आहे की ते लिहून ठेवावंसं वाटलं.

‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ 2 ऑक्टोबर 1955 रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. सात वर्षं अर्ध्या तासाचे भाग, 268. मग 1962 ते 1965 तासाभराचे, 93. एकूण 361. यांतले हिचकॉकने स्वतः दिग्दर्शित केलेले फक्त 18. त्याच्या तोंडची प्रास्ताविकं आणि समारोपसुद्धा त्याने लिहिलेले नव्हते, ते जेम्स ॲलर्डाइस नावाच्या नाटककाराचे. हिचकॉकचा म्हणून जो चेहरा घराघरांत पोचला, जाहिरातदारांना चिमटे काढणारा, मृत्यूबद्दल हवापाण्यासारखं बोलणारा, त्याची वाक्यं दहा वर्षं हा माणूस पुरवत होता. मी वहीत पहिलं नाव लिहिलं ते त्याचं. हिचकॉकबद्दलचा आदर त्यामुळे कमी झाला नाही. ती वाक्यं तो ज्या थंडपणे म्हणतो ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण कुणाच्या शब्दांवर आपण हसतोय हे कळल्यावर तो भाग वेगळा ऐकू येतो.

मावसभावाने अमेरिकेहून डीव्हीडीचे संच आणून दिले तेव्हा मीही ते सगळ्यांसारखेच पाहायला घेतले होते, रात्री जेवणं झाल्यावर एखादा भाग. कथा शोधण्याचा नाद मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर लागला. पुस्तकवाल्या दादांनी विचारलं, “मॅडम, हिचकॉक घेणार का? चार-पाच आलेत.” सगळ्या पुस्तकांवर हिचकॉकचा चेहरा, संपादक म्हणूनही त्याचंच नाव. आत बारीक टायपात रॉबर्ट आर्थर नावाच्या कुणाचे ‘मोलाच्या साहाय्याबद्दल’ आभार. पुढे माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरही अशी पुस्तकं मिळत गेली आणि तेच आभार पुन्हा पुन्हा दिसत गेले.

साहाय्य म्हणजे सगळंच काम होतं. 1957 च्या ‘स्टोरीज दे वुडन्ट लेट मी डू ऑन टीव्ही’पासून पुढची बरीच वर्षं हिचकॉकच्या नावावर निघालेल्या संग्रहांमागचा संपादक हा रॉबर्ट आर्थर. फिलिपिन्समधल्या कॉरेगिडॉर बेटावर 1909 मध्ये जन्मलेला, वडील अमेरिकन सैन्यात. त्याने चाळीसच्या दशकात डेव्हिड कोगनबरोबर ‘द मिस्टिरियस ट्रॅव्हलर’ ही रेडिओमालिका गाजवली. 1964 मध्ये त्यानेच ‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’ ही मुलांची रहस्यमालिका सुरू केली, जिच्यावरही हिचकॉकचं नाव मोठ्ठं होतं. माझ्या पिढीतल्या इंग्रजी वाचणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी ती पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयातून नेऊन वाचली आणि ती हिचकॉकनेच लिहिली असं पक्कं धरून चाललो. आर्थर 1969 मध्ये गेला. मालिकेतल्या ‘द जोकस्टर’ या भागाची मूळ कथाही त्याचीच. शवागारात चेष्टा करणाऱ्या माणसाची ती गोष्ट आता पाहताना, रेडिओसाठी लिहिलेल्या माणसाचा कान त्यात मला सारखा जाणवतो.

आपल्याकडे जुन्या दिवाळी अंकांत कथेच्या शेवटी ‘परकीय कल्पनेवर आधारित’ एवढीच ओळ असायची. त्या कल्पनेला जन्म देणारा माणूस कोण, हे वाचणाऱ्याला कधी कळायचं नाही. हिचकॉकच्या मालिकेने निदान नावं दिली. ती वाचायची की नाही हे आपल्या हातात आहे.

कथा आधी की भाग आधी, यावर माझं मत ठाम आहे: भाग आधी. रहस्य पडद्यावर उलगडू द्यावं. शेवट माहीत झाल्यावर कथा वाचली की लेखकाचं खरं काम दिसतं, कारण आता आपण शेवटाकडे धावत नसतो. त्याने खूण कुठे पेरली, कुठलं वाक्य दोन अर्थांनी लिहिलं, कुठे मुद्दाम गप्प बसला, ते सापडतं. मग दुसऱ्यांदा भाग पाहताना पटकथाकाराचं काम दिसतं. तो बहुतेक वेळा तिसराच माणूस असतो.

याचं सोपं उदाहरण रोआल्ड डालच्या ‘लॅम टू द स्लॉटर’चं. डाल काही विसरलेला लेखक नाही, पण सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. 1953 ची कथा, 1958 चा भाग, पटकथा डालचीच, दिग्दर्शन हिचकॉकचं. बायको गोठलेल्या मांसाच्या तंगडीने नवऱ्याला मारते, ती तंगडी भट्टीत भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांनाच खाऊ घालते. कथा संपते ती शेजारच्या खोलीत तिला फुटलेल्या हसण्यावर. पडद्यावरही ते हसू आहे. पण त्यानंतर हिचकॉक येतो आणि सांगतो की ही बाई पुढे पकडली गेली, दुसऱ्या नवऱ्यावर तोच प्रयोग करताना, कारण त्या विसराळू माणसाने फ्रीझर चालूच केला नव्हता. त्या काळी टीव्हीवर गुन्हेगार मोकळा सुटलेला चालत नसे, म्हणून शिक्षेची तरतूद ॲलर्डाइसच्या चार वाक्यांत व्हायची. ती इतकी उघड खोटी वाटेल अशी लिहिलेली असायची की कथेला धक्का लागत नसे. कथा पाठ असल्यावर ही जुळवाजुळव पाहण्यात फार आनंद आहे. लेखकाचा शेवट वाचवण्यासाठी दुसऱ्या लेखकाने केलेली ती कामगिरी आहे.

हेन्री स्लेसरची कथा मी वाचली तेव्हा हा उद्योग छंदाच्या पुढे गेला. स्लेसर ब्रुकलिनचा, 1927 चा जन्म, पोटापाण्याचा धंदा जाहिरातींचा. मासिकांसाठी तो कथांचा रतीब घालायचा. एकाच नावाने इतक्या कथा बऱ्या दिसत नाहीत म्हणून असेल, ओ. एच. लेस्ली हे टोपणनावही वापरायचा. या मालिकेत ज्यांच्या कथा पुन्हा पुन्हा घेतल्या गेल्या त्यांत तो पुढे आहे. 1958 च्या ‘द राइट काइंड ऑफ हाउस’मध्ये एका लहान गावातली म्हातारी आपलं जुनाट घर विकायला काढते. घराची लायकी फार तर दहा हजार डॉलरची, ती मागते पंचाहत्तर हजार. घरं विकून देणारा दलाल कपाळाला हात लावतो. वर्षं जातात, कुणी फिरकत नाही. मग एक दिवस शहरातला एक माणूस येतो, जरा घासाघीस करतो आणि कबूल होतो. म्हातारी त्याला लिंबाचं सरबत देते आणि आपल्या मारल्या गेलेल्या मुलाची हकिकत सांगते. मुलाने चोरलेला पैसा याच घरात कुठेतरी दडलेला आहे. एवढी किंमत मोजायला तयार होणारा माणूस एकच असू शकतो, ज्याला तो पैसा माहीत आहे. आणि ज्याला तो माहीत आहे त्यानेच मुलाला मारलं.

भाग पाहिला तेव्हा मी सरबताच्या पेल्याकडे बघत बसले होते. कथा वाचल्यावर लक्षात आलं की सापळा पेल्यात नाहीच, तो किमतीत आहे. म्हातारीने एक जाहिरात दिली आहे, जी जगातल्या फक्त एका गिऱ्हाइकासाठी आहे, आणि ते गिऱ्हाईक येईपर्यंत ती थांबली आहे. हे जाहिरातीत मुरलेल्या माणसालाच सुचेल. नेमकं कुणाला हेरायचं आणि बाकीच्यांना कसं परतवून लावायचं, हे स्लेसर दिवसभर ऑफिसात करत असणार. पटकथा रॉबर्ट सी. डेनिसची. पुढे स्लेसरने 1968 पासून पंधरा वर्षं ‘द एज ऑफ नाइट’ या दैनंदिन मालिकेचं मुख्य लेखन केलं. रोज एक भाग. ज्याला रहस्यकथेत किती शिस्त लागते हे ठाऊक आहे त्याने या आकड्याकडे आदराने पाहावं.

आता लुई पोलॉक. या नावासाठी मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

‘ब्रेकडाउन’ हा मालिकेच्या अगदी सुरुवातीचा भाग, 13 नोव्हेंबर 1955. हिचकॉकने स्वतः केलेला. जोसेफ कॉटन त्यात एक उद्योगपती आहे. कामावरून काढलेला त्याचा एक जुना माणूस फोनवर रडतो आणि याला त्या रडण्याची किळस येते. मग गाडीने जाताना अपघात होतो. शरीर पूर्ण निकामी, डोळे उघडे, शुद्ध आहे, पण पापणीही लवत नाही. रस्त्यावर काम करणारे कैदी येतात, मेला असं समजून कपडे आणि टायर लुटून नेतात. मग लोक येतात, तेही त्याला मेलेलाच समजतात. आपल्याला ऐकू येतो फक्त त्याचा मनातला आवाज. एक बोट किंचित हलतंय हे त्याला कळतं, त्या एका बोटावर सगळी आशा, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. शवागारात अखेर ज्यामुळे तो वाचतो ते त्याच्या डोळ्यांतून ओघळलेलं पाणी.

हा भाग मी आईबरोबर पाहिला. आईचं इंग्रजी बेताचं, पण तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती आणि मध्येच पुटपुटली, “अरे, बघा की त्याच्या बोटाकडे कुणीतरी!”

मूळ कथा पोलॉकची, 1947 मध्ये ‘कोलियर्स’ साप्ताहिकात आलेली. पटकथेतही फ्रान्सिस कॉकरेलबरोबर त्याचं नाव आहे. त्याच्याविषयी शोधायला लागल्यावर जे वाचलं त्याने मी हादरले. ते दिवस अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या वेडाचे. संसदेच्या समितीपुढे बोलावलं जायचं, तुम्ही सहकार्य नाकारलं की चित्रपट-टीव्हीत काम बंद. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कापडव्यावसायिकाने असं सहकार्य नाकारलं. त्याचं नाव लुई पोलॅक. इंग्रजीत लिहिताना लेखकाच्या आडनावात आणि याच्या आडनावात एका अक्षराचा फरक. काळ्या यादीत मात्र लेखक पोलॉक जाऊन बसला. त्याचं लिखाण परत येऊ लागलं. कारण कुणी सांगत नसे, काळ्या यादीची रीतच तशी होती. चूक उघडकीला यायला 1959 उजाडावं लागलं.

मालिकेचा हा भाग त्याच वर्षांत प्रसारित झाला, त्याचं नाव पडद्यावर आलं, आणि त्याच सुमारास तो आपलं काम का थांबलंय ते न कळता घरी बसला होता. जिवंत असून मेलेला ठरवला गेलेला, ओरडतोय पण आवाज कुणापर्यंत पोचत नाही, असा माणूस त्याने आठ वर्षं आधीच कागदावर उतरवला होता. हे माहीत झाल्यावर मी ‘ब्रेकडाउन’ पुन्हा लावला. तो भाग मला पूर्ण पाहवला नाही, त्या रात्री तरी नाही.

काळ्या यादीचा आणखी एक धागा याच मालिकेत आहे. नॉर्मन लॉइड, हिचकॉकच्या 1942 च्या ‘सॅबटूर’मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून पडणारा नट. त्यालाही काम मिळेनासं झालं होतं. 1957 मध्ये हिचकॉकने त्याला या मालिकेच्या निर्मितीत घेतलं आणि वाहिनीकडून कुरकुर झाली तेव्हा तो आपल्याला हवाच आहे असं सांगून विषय संपवला. हिचकॉकबद्दल पुष्कळ वाईटसाईट लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं खरंही आहे. हेही खरं आहे आणि मला ते मोठं वाटतं. लॉइड 2021 मध्ये 106 व्या वर्षी गेला.

कॉर्नेल वुलरिचकडे मी ‘ब्रेकडाउन’मुळेच वळले, कारण त्याच्याकडेही तोंड बंद झालेला माणूस सापडतो. ‘थ्री ओ’क्लॉक’ या त्याच्या कथेत एक घड्याळजी बायकोचा काटा काढायला स्वतःच्याच तळघरात बॉम्ब लावतो. नेमके तेव्हाच चोर शिरतात आणि त्याला तिथेच बांधून, तोंडात बोळा कोंबून निघून जातात. समोर घड्याळ. हिचकॉकने 1957 मध्ये ‘सस्पिशन’ या दुसऱ्या मालिकेसाठी त्यावर ‘फोर ओ’क्लॉक’ हा भाग केला, पटकथा पुन्हा कॉकरेलची. हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ हा चित्रपटही वुलरिचच्या 1942 च्या कथेवरून आला आणि त्या मूळ कथेत ग्रेस केलीने रंगवलेली प्रेयसी नाहीच. खिडकीत बसलेला माणूस तिथे फार एकटा आहे. वुलरिच स्वतः आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कच्या हॉटेलांच्या खोल्यांत आईबरोबर राहिला. शेवटी पायाला गँगरिन होऊन तो पाय कापावा लागला. 1968 मध्ये गेला तेव्हा सगळी पुंजी त्याने कोलंबिया विद्यापीठाला दिली, लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आईच्या नावाने.

आणि हा माणूस आपल्या घरात कधीच येऊन गेलेला आहे. रेल्वे अपघातात दगावलेल्या बाईची ओळख घेऊन तिच्या सासरी राहायला जाणारी नायिका म्हटलं की आपल्याला आशा पारेख आठवते, राजेश खन्ना आठवतो, ‘कटी पतंग’ची गाणी आठवतात. फार तर गुलशन नंदांची कादंबरी आठवते. त्या सगळ्याच्या मागे वुलरिचची 1948 ची ‘आय मॅरिड अ डेड मॅन’ आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिने त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं.

स्टॅन्ली एलिन याच्या अगदी उलट प्रकृतीचा. वर्षाकाठी साधारण एक कथा. 1948 मध्ये छापून आलेल्या ‘द स्पेशालिटी ऑफ द हाउस’ या पहिल्याच कथेने त्याचं नाव झालं. एका आडबाजूच्या भोजनगृहात क्वचितच मिळणारा मांसाचा एक पदार्थ, त्यासाठी जीव टाकणारे ठरावीक गिऱ्हाईक. नेमकं काय ते एलिन अखेरपर्यंत उच्चारत नाही आणि कुणाला सांगावंही लागत नाही. भाग 1959 चा, रॉबर्ट मॉर्ली त्यात अफाट खातो. पण इथे मी कथेच्या बाजूने आहे. पडद्यावर ताट दाखवावं लागतं, एलिनच्या वाक्यांत नुसती भूक असते. ही कथा आवाज करून वाचावी, तिचा वेग तेव्हा कळतो.

जेम्स पी. कॅव्हनाबद्दल थोडक्यात. ‘फॉग क्लोजिंग इन’च्या पटकथेला त्याला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ‘वन मोअर माइल टू गो’मध्ये बायकोचं प्रेत गाडीच्या डिकीत घेऊन निघालेला माणूस आहे आणि मागचा दिवा बंद म्हणून त्याला पुन्हा पुन्हा अडवणारा मोटरसायकलवरचा पोलीस. सुरुवातीची कितीतरी मिनिटं संवादच नाहीत. हिचकॉकच्या ‘सायको’ या चित्रपटाच्या पटकथेचा पहिला खर्डा याच कॅव्हनाने लिहिला होता. तो नापसंत झाला आणि काम जोसेफ स्टेफानोकडे गेलं. तरी ‘सायको’मध्ये पैसे घेऊन पळालेल्या मॅरियनच्या गाडीशी तो पोलीस येऊन उभा राहतो, तेव्हा मला हा भाग आठवल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्या कथा निवडत कोण होतं? जोन हॅरिसन. 1933 मध्ये हिचकॉकची सेक्रेटरी म्हणून लागलेली इंग्लंडमधली मुलगी. ‘रिबेका’ आणि ‘फॉरिन करस्पाँडंट’ या दोन पटकथांसाठी एकाच वर्षी तिला ऑस्करची नामांकनं मिळाली होती. पुढे ती स्वतंत्र निर्माती झाली, आणि निर्माती म्हणून तिचा पहिला चित्रपट, 1944 चा ‘फँटम लेडी’, वुलरिचच्याच कादंबरीवरचा होता. हिचकॉकने मालिका काढली तेव्हा तिला बोलावून घेतलं. छापून आलेल्या कथांवरच भर द्यायचा हे मालिकेचं धोरण होतं, आणि मासिकांच्या त्या ढिगांतून काय उचलायचं ही पारख तिची. मालिकेला हिचकॉकची चव आहे असं आपण म्हणतो, ती चव रोजच्या रोज राखणारी ही बाई. मला तिच्यावर मराठीत एखादं चरित्र वाचायला फार आवडेल.

1960 चा ‘सिबिला’ हा भाग तिच्यासाठी पाहावा. निर्माती हॅरिसन, दिग्दर्शिका आयडा लुपिनो, पटकथा शार्लट आर्मस्ट्राँगची, मूळ कथा मार्गारेट मॅनर्सची. चारही बायका, त्या काळात. आपली चाकोरी मोडेल म्हणून बायकोला संपवायला निघालेला नवरा आणि त्याला पुरून उरणारी शांत, गोड सिबिला. घरातली दहशत घरातल्या सौजन्याने कशी मोडते ते त्यात दिसतं, आणि नवऱ्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आर्मस्ट्राँगच्या कादंबऱ्या मी त्यानंतर वाचल्या. तिला ‘अ ड्रॅम ऑफ पॉयझन’साठी 1957 चं एडगर हे रहस्यलेखनाचं पारितोषिक मिळालं होतं. त्या कादंबरीत विषाची एक बाटली चुकून बसमध्ये राहते आणि अनोळखी माणसं मिळून ती शोधत फिरतात. रहस्यकथा इतकी मायाळू असू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

तासाभराच्या भागांत 1965 चा ‘ॲन अनलॉक्ड विंडो’ सगळ्यांत भीतीदायक. वादळी रात्र, परिचारिकांचे खून होत असलेलं गाव, एका घरात रुग्णाजवळ दोन परिचारिका, आणि एक खिडकी लावायची राहून गेलेली. घर ‘सायको’चंच. पटकथा जेम्स ब्रिजेसची. तिलाही एडगर मिळालं. मूळ कथा एथेल लिना व्हाइट या वेल्समध्ये जन्मलेल्या लेखिकेची. तिच्या ‘द व्हील स्पिन्स’वरून हिचकॉकने 1938 मध्ये ‘द लेडी व्हॅनिशेस’ केला. चित्रपट सगळ्यांना माहीत, कादंबरी कुणी वाचत नाही. व्हाइटची पद्धत अशी की घराची दारं-खिडक्या ती एकेक करून बंद करायला लावते. वाचणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित होत चाललोय, आणि घर तेवढं लहान होत जातं. शेवट सांगत नाही. भाग आधी पाहा, दिवे चालू ठेवून पाहिला तरी चालेल, मग कथा वाचा.

वहीत सध्या पुढचं नाव मार्गारेट मॅनर्सचं आहे. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या अंकांतून तिच्या कथा जमवायला घेतल्या आहेत.